रेघ राखून

अण्णांचा फोन आला तेव्हा अश्लेषा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्या पोहे खात होती. फेब्रुवारीतला गुरुवार, सकाळचे अकरा. दहा मिनिटांत बैठक होती आणि तिच्या एका हातात बशी, दुसऱ्यात चमचा होता. फोन तिनं खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला.

"जेवलीस का?"

"पोहे खातेय, अण्णा. बोला."

"अकरा वाजता पोहे. बरं." अण्णा म्हणाले. मागे कुणीतरी पत्रा ओढत होतं. "एक विचारायचं होतं. तुमच्या त्या हस्तकाला 'रेघ राखून' कळतं का गं?"

"कळतं हो. सगळं कळतं त्याला."

"नाही, काल मी बोललो, सव्वानऊ, रेघ राखून. तर पडद्यावर नुसते आकडे आले. पुढचं काही उमटलं नाही."

"ते आत असतं, अण्णा. पडद्यावर दिसत नाही."

"असं होय." त्यांच्या आवाजातली काळजी उतरली. "मग ठीक. तू सांगतेस म्हणजे असणार. रविवारी येतेस?"

"बघते."

शुक्रवारी सकाळी अण्णांनी धरणावरच्या वर्कशॉपमध्ये साखळीची एक कडी पुरी केली, हातातला मोजा काढून खुंटीला लावला, स्टुलावर बसले, आणि मग उठलेच नाहीत. सोबतचा हिंदुराव चहा घेऊन आला तेव्हा कडी अजून व्हाइसच्या पकडीतच होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसावा.

अश्लेषाचे वडील यशवंत पांचाळ, उंबरदरा धरणावरचे फिटर. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. धरण इंग्रजांच्या काळातलं, त्यामुळे त्याचं सगळं अंग फूट-इंचातलं. दरवाजे अठरा फुटी, बोल्टांचे आटे इंचाला चार. आणि इंचाच्या आठव्या भागाला वर्कशॉपमध्ये जे नाव होतं तेच अण्णांच्या तोंडात: सूत. "दोन सूत सोड", "अर्धं सूत घे". शाळेत पट्टीवर मिलिमीटर शिकायच्या आधी अश्लेषा सूत शिकली होती.

पुढे ती मोजमापशास्त्र शिकली, परदेशात जाऊन आली आणि 'हस्तक' प्रकल्पाच्या भाषांतर विभागाची प्रमुख झाली. भाषांतर म्हणजे मापांचं.

कल्पना साधी होती. देशभरातले जुने पूल, धरणं, कालवे ज्यांनी हातानं सांभाळले ती माणसं एकामागून एक निवृत्त होत होती, आणि त्यांच्या हातात काय होतं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग एक हातमोजा बनवला गेला. मलमलीसारखा पातळ, पण त्याच्या विणीत हजारो संवेदक. कानस किती दाबली, कुठल्या कोनात धरली, लोखंडाची थरथर बोटाला कशी लागली आणि हात कुठे थांबला, हे सगळं मोजा टिपून घ्यायचा. काम करताना कारागीर जे बोलेल तेही नोंदलं जायचं. हात आणि बोलणं यांची जोडी लावत यंत्र शिकायचं, आणि वर्ष-दोन वर्षांनी पोलादाचा एक यांत्रिक हात तेच काम करू लागायचा.

पण बोलणं देशभर नाना तऱ्हांचं. सूत, इंच, फूट, गज, कुठे चार बोटं, कुठे वीतभर. यंत्राला एकच भाषा हवी होती, मिलिमीटरची. त्यासाठीचा तक्ता अश्लेषानं तयार केला. एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर, एक सूत म्हणजे तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर सहस्रांश. हात आणि शब्द यांच्यात तफावत आली तर शब्द खरा मानायचा, हाही तिचाच नियम. आकडा तपासता येतो, हात तपासता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं.

अण्णांच्या त्या फोनच्या कितीतरी आधी, तक्त्याच्या शेवटच्या बैठकीत एका सहकाऱ्यानं विचारलं होतं, "मॅडम, उंबरदऱ्याच्या नोंदींत 'रेघ राखून' असं शेकडो वेळा आलंय. हे काय माप आहे?"

टेबलाभोवती बाराजण होते. दोघे दिल्लीहून आले होते. ते मिस्त्री कोण हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"काही नाही," अश्लेषा म्हणाली होती. "बोलायची सवय असते. काढून टाका."

*

सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला ती उंबरदऱ्यावर आली ती पाहुणी म्हणून. तीन नंबरच्या दरवाज्याची उजवी साखळी उन्हाळ्यात बदलली होती. अठ्ठेचाळीस कड्या, सगळ्या हस्तकानं अण्णांच्या हातावरून शिकून घडवलेल्या. मे महिन्यात तलाव रिकामा असताना चाचणी झाली होती. डावीकडची अण्णांची जुनी साखळी आणि उजवीकडची नवी, दोन्ही बरोबरीनं चालल्या, केसाचाही फरक नव्हता. आज पहिल्यांदाच दरवाजा भरल्या पाण्यात उघडणार होता.

ठरल्यापेक्षा घाईनं उघडणार होता. घाटमाथ्यावर तीन दिवस पाऊस कोसळत होता. कार्यकारी अभियंता सादिक मुजावर यांच्या फोनला सकाळपासून उसंत नव्हती.

"चार वाजता पाचही दरवाजे," ते तिला म्हणाले. "चारानं भागणार नाही. सहा वाजेपर्यंत पाणी डाव्या अंगाच्या मातीच्या बांधावर चढेल. एकदा मातीवरून पाणी वाहिलं की संपलं. खाली निगडोळी आहे, मॅडम. अर्धं गाव शाळेत हलवलंय, अर्धं अजून म्हशी सोडायला तयार नाही."

साडेबारा वाजले होते. अश्लेषा दरवाज्यांच्या वरच्या पुलावर गेली. हिंदुराव तिथे साखळीशेजारी उकिडवा बसून चहा पीत होता. दरवाजे चालवण्यात त्याची बत्तीस वर्षं गेली होती, अण्णांच्या सोबतीनं.

"ये पोरी. बाप गेल्यापासून पाय ठेवला न्हाईस हिकडं."

"कामं होती, काका."

"असतील की." त्यानं थर्मासच्या झाकणात तिला चहा ओतला. "तुझ्या हस्तकानं कड्या झ्याक केल्यात. चकाकत्यात नुसत्या. लग्नाला काढाव्यात अशा. फकस्त एक हाय."

"काय?"

"रेघ दिसत न्हाई."

अश्लेषाचा हात झाकणासकट थांबला.

"ही बघ मिस्त्रीची." त्यानं डाव्या साखळीच्या वरच्या कडीवर अंगठा ठेवला. पिन जाते त्या भोकाच्या कडेला आखणीच्या सुईची बारीक रेघ चंद्रकोरीसारखी शिल्लक होती, काळी पडलेली. "समद्या कड्यांवर असायची. आन् ही तुमची." उजव्या साखळीवरची भोकं स्वच्छ होती. हस्तकानं रेघेपर्यंत कानसलं होतं, रेघ खाऊन.

ती सहा वर्षांची असताना अण्णांनी तिला व्हाइसशेजारी खोक्यावर उभं केलं होतं. भोक कानसायचं ते रेघेच्या अलीकडे थांबायचं, रेघ राखायची. का, अण्णा? ओझं आलं की पिन भोकात रुतून बसते, बाळा. जेवढी रेघ तेवढीच रुतते. लोखंडाला बसायला जागा ठेवावी लागते, नाहीतर ते आपली जागा आपणच करून घेतं.

"काका," ती म्हणाली, "मे महिन्यात दरवाज्यावर ओझं किती होतं?"

"ओझं कुठलं? तलाव कोरडा ठाक. हाताच्या बोटानं उचलला असता."

ती पळतच वर्कशॉपमध्ये गेली.

*

हस्तकाचा अहवाल तिनं पूर्वीही वाचला होता, अण्णा गेल्यानंतरच्या आठवड्यात. त्यातली एक ओळ तिला तेव्हाच टोचली होती: 'कारागिराची सरासरी चूक, प्रत्येक भोकात ०.२ मिमी. संभाव्य कारण: वयोमान. दुरुस्ती केली.' ती ओळ वाचून तिला अण्णांचे हात आठवले होते, सुरकुतलेले, आणि तिनं अहवाल मिटला होता. म्हातारे झाले होते ते. आपण बघायलाही गेलो नाही.

आता तिनं अहवालाच्या मागचे मूळ आकडे उघडले. दोन वर्षांतली नऊशे भोकं. थकलेल्या हाताची चूक विखुरलेली असते, कधी जास्त, कधी कमी, संध्याकाळी सकाळपेक्षा मोठी. इथे तसं काहीच नव्हतं. सकाळी ०.२. संध्याकाळी ०.२. तापात काम केलं त्या दिवशी ०.२. नऊशे वेळा तो हात एकाच जागी थांबला होता, आणि यंत्रानं नऊशे वेळा त्याला म्हातारा ठरवून पुढे ढकललं होतं.

एका कडीला दोन भोकं, म्हणजे चार दशांश. अठ्ठेचाळीस कड्या. एकोणीस पूर्णांक दोन मिलिमीटर. दरवाज्याची उजवी कड आणि दगडी खाच यांच्यात मोकळी जागा होती सहा सूत, म्हणजे एकोणीसला जेमतेम वर.

अण्णांच्या कड्या आधी आखूड होत्या आणि ओझ्याखाली रुतून बरोबर मापाला आल्या. हस्तकाच्या कड्या आधीच मापाला होत्या. आज ओझं आलं की त्या लांबणार. उजवी बाजू खाली येणार, अठरा फुटी दरवाजा तिरका होऊन तेवढीच ती फट मिटणार आणि पाण्याच्या ऐन लोंढ्यात खाचेत रुतून बसणार. मोटर ओढत राहणार. मग साखळी तुटणार, किंवा दरवाजा.

तक्त्यातला एकही आकडा चुकलेला नव्हता.

मुजावरांनी तिचं बोलणं फोन कानाला लावूनच ऐकलं, मग फोन खाली घेतला.

"असं कसं राहिलं, मॅडम?"

"तक्त्यात एक नोंद राहून गेली."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "तीन नंबर बंद ठेवला तर बांध जातो. उघडला तर दरवाजा जातो. दोन्हीकडून निगडोळीच. तिसरं काही आहे?"

"आहे. उजव्या साखळीच्या माथ्यावर नट आहे. इंचाला चार आटे, म्हणजे एका फेऱ्याला साखळी दोन सूत आखूड होते. तीन फेऱ्यांत सहा सूत."

"मग आत्ताच पिळा की."

"आत्ता पिळले तर उघडायच्या आधीच दुसऱ्या बाजूनं तिरका होईल. कड्या रुततील तसं पिळायला लागेल. दरवाजा वर जात असताना."

"ओझ्याखालचा नट माणसाच्यानं फिरायचा नाही."

"हस्तकाच्यानं फिरेल."

मुजावरांनी चष्मा पुसला. "आणि फट मोजायची कुणी? तुषारांत लेसर आंधळे होतात. मागच्या वर्षीचा अनुभव आहे."

"मी हाय की," दारातून हिंदुराव म्हणाला. "मिस्त्रीची फूटपट्टी तेवढी द्या."

*

चार वाजता भोंगा झाला. बाकीचे चार दरवाजे आधी उचलले गेले आणि खालची दरी पांढऱ्या धुरळ्यानं भरली. हिंदुराव कमरेला दोर बांधून खाचेशेजारच्या लोखंडी शिडीवर उतरला होता. पुलावरून त्याची फक्त पिवळी टोपी दिसत होती. हस्तकाच्या पोलादी मुठीत नटावर बसवलेला पाना होता. अश्लेषा त्याच्या नियंत्रण फळीशी उभी राहिली. मुजावर मोटरीच्या बटणापाशी होते.

दरवाजा हलला. उजवी साखळी ताणली गेली आणि तिच्यातून एक आवाज आला, जड माणूस खाटेवर बसल्यासारखा. करकर नव्हे. बसण्याचा.

"सहा सूत," खालून हाक आली. "सहाच हाय."

तीन फूट वर. पाच फूट.

"पाच झालं. साडेचार. चार सूत, पोरी."

"थांबवा," ती म्हणाली. मुजावरांनी बटण सोडलं. ती हस्तकाकडे वळली. यंत्राला सूत कळत होतं, पण दुरुस्तीच्या आज्ञा फक्त मिलिमीटरमध्ये घ्यायच्या हाही तिचाच नियम. "फट बारा पूर्णांक सात. नट एक फेरा. सहा पूर्णांक पस्तीस शतांश आखूड कर."

मूठ फिरली. नट कण्हत वळला.

"सहाला आलं," खालून हाक आली. "चला."

सात फूट. नऊ. फट सहावरच राहिली. पाणी आता पुलाच्या पायाला धक्के देत होतं आणि ते धक्के तळपायाला कळत होते. फोनवर कुणीतरी निगडोळीच्या शाळेतून बोलत होतं, मुजावर हं हं करत होते.

अकरा फुटांवर साखळी एकदम तीनदा वाजली.

"चार," हिंदुराव ओरडला. "तीन. थांबवा की ओ."

मोटर थांबली. कड्या मात्र थांबल्या नाहीत. ओझं होतं तिथेच होतं आणि लोखंड आपली जागा करून घेत होतं.

"नट दोन फेरे," अश्लेषा म्हणाली. "बारा पूर्णांक सात."

मूठ जागची हलली नाही. फळीवर तांबडा दिवा लागला आणि शांत, बाईमाणसाचा आवाज आला. "एकूण दुरुस्ती पंधरा मिलिमीटरच्या वर जात आहे. कारण सांगा."

"अडीच सूत," खालून.

"तक्त्यात नोंद राहून गेली होती," ती म्हणाली.

"कारण अपुरं. नोंद राहिली की वगळली, ते सांगा. जबाबदार व्यक्तीचं नाव आवश्यक."

हा नियमही तिनंच लिहिला होता. मोजमापात कुणी आपली चूक आपोआप झाल्यासारखी लिहू नये म्हणून. त्या वेळी तिच्या मनात दुसरीच माणसं होती.

"दोन. पोरी, पट्टी जाईना आता नीट."

मुजावर तिच्याकडे बघत होते. त्यांच्या हातातला फोन अजून चालू होता आणि त्यातून म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं.

"वगळली," अश्लेषा म्हणाली. "'रेघ राखून' ही नोंद वगळली. तिचा अर्थ, प्रत्येक भोकात शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर अलीकडे थांबणं. ती सवय नाही, माप आहे. वगळणाऱ्या व्यक्तीला अर्थ माहीत होता. नाव, अश्लेषा यशवंत पांचाळ."

दिवा हिरवा झाला. मूठ आवळली. नट पाव फेरा वळला, अडला. पोलादी मनगट थरथरलं आणि जरासं मागे आलं. मग कोन किंचित बदलून पुन्हा दाब दिला, हळू, अंगठ्याच्या बुंध्यातून. ती तऱ्हा अश्लेषाच्या ओळखीची होती. अडलेल्या बाटलीचं झाकण अण्णा असंच उघडायचे. नट सुटला आणि दोन्ही फेरे पुरे झाले.

बराच वेळ खालून काहीच ऐकू आलं नाही.

"काका?"

"थांब गं, डोळ्यात पाणी गेलंय." मग, "पाच. साडेपाच. सहा सूत. सहा सूत हाय. घ्या वर."

अठरा फुटांपर्यंत साखळी पुन्हा वाजली नाही.

*

साडेसहापर्यंत तलावाची पातळी बांधाच्या खाली हातभर उतरली. पाऊस उघडला होता आणि पलीकडच्या डोंगरावर थोडं पिवळं ऊन होतं. हिंदुराव वर्कशॉपच्या पायरीवर ओला सदरा पिळत होता.

मुजावर तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. "अहवाल मला लिहावा लागेल, मॅडम. आज तुम्ही जे बोललात ते त्यात येणार."

"यायलाच हवं."

"मिस्त्रींना मी ओळखायचो," ते म्हणाले. "मी इथे नवा होतो तेव्हा एकदा त्यांना म्हणालो होतो, मिलिमीटरमध्ये बोला. ते म्हणाले, साहेब, बोलतो, पण मग चूक झाली तर तुमच्या भाषेतली होईल." ते हसले. मग हसू आवरून निघून गेले.

पुलावर हस्तक आपलं काम आटपत होता. पाना काढून त्यानं नटाला शेवटचा हात लावून पाहिला. मग पान्याच्या दांड्यानं नटावर दोनदा हलकेच वाजवलं. टक, टक.

अश्लेषा जागच्या जागी थांबली. अण्णा प्रत्येक काम संपलं की असंच करायचे. त्याला कुठलाही शब्द नव्हता, कुठलाही आकडा नव्हता. म्हणून तिच्या तक्त्याच्या तावडीतून ते सुटलं होतं.

ती वर्कशॉपमध्ये गेली. स्टूल तिथेच होतं. मोजाही खुंटीवरच होता, बोटं किंचित वाकलेली. व्हाइसमधली ती शेवटची कडी हिंदुरावानं कुणाला काढू दिली नव्हती. भोकाच्या कडेला रेघ होती, पूर्ण, अजून चकाकणारी. तिनं तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला कळेल न कळेल एवढीच होती ती.

ती स्टुलाशेजारच्या खोक्यावर बसली.

"अण्णा," ती म्हणाली. बाहेर हिंदुराव सदरा पिळायचा थांबला, पण आत आला नाही.

"अण्णा, त्याला कळत नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणाले. मला माहीत होतं कळत नाही म्हणून. बारा लोकांसमोर मला तुमची लाज वाटली होती, आणि मीच ते काढून टाकलं होतं."